साडेचार ओळींचा जबाब

ती घटना आजही आठवते, कारण तिच्यात मी चुकलो होतो. ज्या प्रकरणांत आपण बरोबर ठरलो ती सांगायला निवृत्त अधिकारी एका पायावर तयार असतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तरी ऐकवतील. मीही ऐकवली आहेत. हे प्रकरण मात्र आजवर कुणाला पूर्ण सांगितलं नव्हतं. कुणाचंही नाव घेणार नाही. यातली काही माणसं अजून त्याच भागात राहतात आणि त्यांना माझ्यामुळे पूर्वीच पुरेसा त्रास झाला आहे.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. भाईंदरच्या पश्चिमेला, किनारपट्टीवरच्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. काशीमीऱ्याकडे असलेले माझे बॅचमेट हायवेवरचे अपघात, ट्रकमधून उतरवलेला चोरीचा माल आणि लॉजवरचे छापे यांत बुडालेले असायचे. फोनवर मला म्हणायचे, "तुझं बरं आहे बाबा. मासे खा आणि झोप." त्यात थोडं तथ्य होतं. माझ्याकडे येणारे तंटे म्हणजे जाळं कुणी कापलं, बोंबील वाळवायची जागा कुणाची, दारू पिऊन कोण कुणाच्या दारात ओरडलं. मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडे भरती म्हणजे पोलीस भरती. समुद्राशी माझा संबंध आला तो नोकरीत, आणि तोही गस्तीच्या गाडीतून बघण्यापुरता.

तारोडीच्या पुढे डोंगराची एक सोंड समुद्रात उतरते. तिच्यावर एक वाडी होती. तिथे गाडी जात नसे. बसच्या शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास डोंगरातल्या पायवाटेनं चालावं लागे. वाडीवाला पस्तिशीचा, मुळात मासेमारी करणारा. त्यानं ताडांच्या सावलीतली जागा साफसूफ करून ठेवली होती आणि पाठीवर सॅक घेऊन हिंडणारे लोक तिथे तंबू ठोकून राहत. विहिरीचं पाणी आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या हातचं भात-कालवण, एवढीच व्यवस्था. गडबड नाही, वीज नाही, गाणीबजावणी नाही. लोक तिथे यायचे ते त्यासाठीच.

मला मात्र ही शांतता संशयास्पद वाटत होती. त्याला कारणही होतं. दोन-तीन महिन्यांपूर्वी एका खबऱ्यानं सांगितलं होतं, "साहेब, त्या वाडीवर मुंबईची पोरं येतात. नशापाणी चालतंय." हा खबऱ्या गावातच दुकान चालवायचा आणि वाडीवाल्याशी त्याचं बांधावरून भांडण होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी खबर डायरीत टिपली आणि मनातही टिपली. मनात टिपलेलं खोडता येत नाही, ही पोलिसाची अडचण असते.

थंडीचे दिवस होते. सोमवारी सकाळी एक बाई ठाण्यात आल्या. पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, हातात नवऱ्याचा फोटो. गिरगावातून सात-आठ वर्षांपूर्वी गोडदेवला फ्लॅट घेऊन आलेलं कुटुंब. नवरा एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन, वय एक्कावन्न. तो शनिवारी सॅक घेऊन तारोडीच्या वाडीवर गेला होता, रविवारी दुपारपर्यंत यायला हवा होता, आला नव्हता. बाई आधी त्यांच्या घराजवळच्या ठाण्यात गेल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं की हद्द आमची नाही. त्यात त्यांचे दोन तास गेले होते.

"एकटेच गेले होते?" मी विचारलं.

"एकटेच जातात. आम्हाला कधी नेलं नाही. म्हणतात, तुम्हाला चालवणार नाही."

"फोन?"

"कपाटात ठेवून जातात. दोन दिवस कुणाचा आवाज नको म्हणतात." मग थोड्या अपराधी आवाजात म्हणाल्या, "घरात आवाज असतो असं नाही हो साहेब. आम्ही तिघंच."

मिसिंगची नोंद घेत होतो तेवढ्यात तारोडीतून फोन आला. खडकावर कालवं काढायला गेलेल्या बायकांना एक सॅक दिसली होती. सॅक होती, माणूस नव्हता.

बाईंनाही बरोबर घेऊन आम्ही गेलो. वाडीच्या खाली, पाण्यापासून दीड पुरुष उंचीवर, एका कातळाला टेकवून सॅक उभी ठेवलेली होती. पंचनाम्यात सगळं लिहिलं: घडी केलेला तंबू, छोटा स्टोव्ह, दोन शर्ट, टॉवेल, सगळं कोरडं, पट्टे नीट आवळलेले. पाण्याची बाटली नाही. माझ्या डोळ्यांनी हे सगळं पाहिलं आणि माझ्या डोक्यानं त्यातून काहीही घेतलं नाही. खाली लाटा आपटत होत्या. मी मनात एकच वाक्य जुळवलं: माणूस पाण्यात गेला. आता प्रश्न एवढाच उरला की, पडला की पाडला.

वाडीवाल्याच्या घराची झडती घेतली. खुंटीवर चांगल्यातली दुर्बीण टांगलेली सापडली. बाईंना दाखवली, तर त्यांनी ती हातात घेतली.

"त्यांचीच आहे. घरात कुणाला हात लावू देत नाहीत ते."

वाडीवाला म्हणाला, "त्यांनीच दिली सायेब, आईला. ठेव म्हनाले, पुढच्या टायमाला नेतो."

असं उत्तर मी नोकरीत शंभर वेळा ऐकलं होतं. ज्याच्याकडे चोरीचा माल सापडतो त्याला तो नेहमी कुणीतरी प्रेमानं दिलेला असतो.

मी वाडीवाल्याशी बोलत होतो तोवर माझा हवालदार अंगणात म्हातारीचा जबाब घेत होता. हवालदार नगरकडचा, वीस वर्षं नोकरी झालेला, अक्षर मोत्यासारखं. पंधरा-वीस मिनिटं म्हातारी हातवारे करून बोलत होती. कधी समुद्राकडे हात, कधी डोंगराकडे. हवालदारानं मला कागद आणून दिला. साडेचार ओळी होत्या: "आम्ही राहत असलेल्या वाडीवर शनिवार रोजी सदर इसम मुक्कामास आला होता. त्या दिवशी भांग होती. रविवारी सकाळपासून सदर इसम दिसून आला नाही. याव्यतिरिक्त मला काही सांगावयाचे नाही."

"एवढंच बोलली?"

"म्हातारी बरीच बडबडली साहेब. कामाचं तेवढं घेतलं. भांगेचं तिनं आपण होऊन सांगितलंय."

खबऱ्याची खबर, घरात सापडलेली दुर्बीण आणि आता भांग. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते खोटं नाही. पाहुण्याला भांग पाजली, गुंगीत लुटलं, खडकावरून ढकललं. माझ्या डोक्यात गुन्हा पूर्ण झाला होता, फक्त कबुली यायची बाकी होती.

वाडीवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. सोमवारी संध्याकाळी सोडलं, मंगळवारी सकाळी सातला परत बोलावलं, बुधवारीही तसंच. तिकडे एक लाँच मागवून समुद्रात शोध सुरू केला. आमची माणसं किनाऱ्याला लागून प्रेत शोधत फिरत होती.

चौकशीतला संवाद मला तोंडपाठ आहे.

"शनिवारी वाडीवर भांग होती का?"

"व्हता ना सायेब."

हवालदारानं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. इतक्या सहज कबूल होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

"कुणी आणली?"

"आनाचा काय त्याच्यात? तो आपला येतो."

"कोण येतो?"

"भांग."

"सरळ बोल. किती वेळा चालतं हे?"

"पंदरवड्याला एकदा. म्हैन्यातून दोनदा धरा."

"आणि तुम्ही सगळे असता त्यात?"

"सगले म्हंजे, गावच घरी असतो. कोन जातो भांगाला दर्यात? जाली शिवत बसाचा."

हवालदारानं त्याच्या थोबाडीत दिली. साहेबांसमोर उडवाउडवी करतो म्हणून. मी खिडकीबाहेर बघत होतो. मारा असं मी सांगितलं नव्हतं आणि मारू नका असंही सांगितलं नव्हतं. वाडीवाल्यानं गालावर हात ठेवला आणि म्हणाला, "खरा तोच सांगतो ना सायेब. मंग मारता कशाला?" त्याच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि गोंधळ जास्त होता. निर्ढावलेल्या गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर गोंधळ नसतो, हे मी नवीन पोरांना शिकवायचो. त्या दिवशी स्वतःच शिकवलेलं विसरलो.

मंगळवार तसाच गेला. लाँचला काही मिळालं नाही. बाई सकाळपासून ठाण्याच्या बाकावर येऊन बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही त्यांना पाण्यातच का शोधताय?" मी म्हणालो, "ताई, आमचं काम आम्हाला करू द्या." माझा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी वाडीवाल्याची आई ठाण्यात आली. मुलासाठी डबा घेऊन, पाऊण तास चालून, मग बसनं. आमच्याकडे नुकतीच बदलून आलेली एक महिला कॉन्स्टेबल होती, रायगडातल्या किनाऱ्यावरची. तिनं म्हातारीला बसायला दिलं, पाणी दिलं आणि दोघी बोलत बसल्या. पंधरा मिनिटांनी ती माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, एक विचारू? आजीच्या जबाबात काय लिहिलंय?"

"भांग होती म्हणून लिहिलंय."

"त्या 'होती' म्हणत नाहीयेत साहेब. 'होता' म्हणतायत. भांग होता."

"गावठी बोलणं आहे. त्यांचं असंच असतं."

"नाही साहेब. भांग. उधाण असतं ना, त्याच्या उलट भांग. अष्टमीच्या सुमाराला येतो, पाणी फार चढत नाही. शाळेत भूगोलात नव्हतं का? उधाणाची भरती आणि भांगाची भरती."

मला ते पुस्तक आठवलं. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची आकृती, तिच्याखाली प्रश्न: फरक स्पष्ट करा. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरड्याठाक गावात बसून मी तो फरक पाठ केला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. उधाणाची, भांगाची. "भांगेची" नव्हे, "भांगाची". पिण्याची ती भांग, समुद्राचा तो भांग. वाडीवाला दोन दिवस मला खरं सांगत होता आणि त्यासाठी मार खात होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवार पाहिला. अष्टमी होती. म्हातारीला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"मावशी, भांग होता म्हणजे नक्की काय झालं? मला समुद्रातलं कळत नाही. पहिल्यापासून सांगा."

तिनं डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तवा त्या बाबाला सांगलं. तुला पन सांगते. तो मानूस न्हेमी पुनवेला येतो, चांदन्याला. सकाली उठून खडकाखालच्या वाटंनी गावान जातो. पुनवेला सकाली सुकती असते, पानी लांब ग्येलेलं असते, वाट मोकली. या बारीला तो आष्टमीला आयला. भांगाला सकाली भरती असते. वाट पान्याखाली. तो न्हेमीसारका खाली ग्येला आसंल, वाट न्हाय मिलाली. मंग झोला ठेवून वर चढला आसंल, वाट बगाला. वर जुनी खदान हाय. झारी वाढलीय, दिसत न्हाय."

"आणि पाण्यात पडला नसेल कशावरून?"

"भांगाला पानी झोल्याच्या खडकाला शिवत पन न्हाय. शांत असते. परला आसता तं तितंच मिलाला आसता. दर्यानी न्हाय नेला त्याला. मी बोललं व्हतं, वर बगा. वर बगा, वर बगा, तीन डाव बोललं."

डोंगराकडे हात करून ती काय सांगत होती ते मला तेव्हा कळलं. हवालदार दारात उभा होता.  त्याला बोल लावण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

वाडीवाल्याला मी गाडीत बसायला सांगितलं. तो आधी घाबरला. कुठे नेताय म्हणून विचारू लागला. म्हटलं, "खदान दाखव." तासाभरात आम्ही त्या कातळापासून वर चढत होतो. दोनेकशे पावलं गेल्यावर करवंदीच्या जाळ्या लागल्या आणि जाळ्यांच्या पलीकडे एकदम जमीन संपली. जुनी दगडाची खाण, दोन पुरुष खोल. तळाला पावसाळ्यातलं हिरवं पाणी साठलेलं. त्या पाण्याशेजारी तो माणूस पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलेलं, अंगात ताप, ओठ फाटलेले. पण श्वास चालू होता.

सगळ्यात आधी वाडीवाला खाली उतरला. आम्ही दोर कुठे बांधायचा याची चर्चा करत होतो तोवर तो मुळ्या धरून तळाला पोहोचलाही होता. त्यानं त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या झाकणातून थोडंथोडं पाणी पाजलं.

मी खाली उतरलो तेव्हा त्या माणसानं डोळे उघडले. पोलीस म्हणून ओळखलं असावं.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"ऑफिसला कळवलं का कुणी?" मग म्हणाला, "तुमच्या लाँचचा आवाज येत होता. दोन दिवस. मी ओरडत होतो. तुम्ही खाली शोधत होतात ना?"

मी हो म्हणालो. 

माणूस वाचला. पाय वाचला नाही; गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं, "एक दिवस आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता." सोमवारी दुपारी म्हातारी बोलली तेव्हापासून बुधवारपर्यंत दीड दिवसाहून जास्त वेळ गेला होता. हा हिशेब मी कुठल्याही कागदावर लिहिला नाही, पण तो चुकत नाही.

वाडीवाल्याची मी माफी मागितली. ठाण्यात, हवालदारासमोर. तो अवघडून म्हणाला, "जाऊ द्या सायेब, मानूस वाचला ना." हवालदाराच्या वागण्याचा रिपोर्ट मी वर पाठवला आणि त्याच रिपोर्टात मी तिथे हजर होतो हेही लिहिलं. दोघांनाही समज मिळाली. मला वाटतं, ती कमी होती.

दुर्बीण जप्त मुद्देमाल म्हणून ठेवली होती. ती परत द्यायला मी हॉस्पिटलमध्ये बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ती मावशींना द्या. यांनी सांगितलं मला. मावशींचा धाकटा मुलगा बोटीवर असतो, त्याची बोट येताना दिसावी म्हणून दिली होती." मग म्हणाल्या, "आम्हाला कधी डोळ्याला लावू दिली नाही हो. पण बरं केलं दिली ते." त्यांच्या बोलण्यात राग होता की समाधान, मला ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. घरात मुठी आवळून राहणारी माणसं बाहेर किती मोकळी होतात, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी समुद्राचं नाव घेत नाही. माणूस बोलतो तेव्हा आपण आपल्याला हवा तेवढाच शब्द उचलतो, आणि वर तो शुद्धही करून घेतो, हे शिकवलं. हवालदारानं "होता"चं "होती" केलं ते खोडसाळपणानं नव्हे. अडाणी म्हातारीची चूक त्यानं दुरुस्त केली, अशीच त्याची समजूत होती. त्यानंतर मी जिथे जिथे होतो तिथे जबाब लिहिणाऱ्याला माझी एक सक्त सूचना असे: शब्द जसा पडला तसा लिहा, कळला नाही तर विचारा, विचारायची लाज वाटली तर तेवढी ओळ मोकळी सोडा, मी येऊन विचारीन. पुष्कळांना ही साहेबांची सनक वाटायची.

दुर्बीण घेऊन मी वाडीवर गेलो तेव्हा म्हातारीचा पुरवणी जबाबही घ्यायचा होता. या वेळी मी स्वतः लिहिला. चार पानं झाली. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. तिनं हात मागे घेतला.

"त्यो शबुद परत वाच."

मी वाचलं, "त्या दिवशी भांग होता."

"हां. आता बराबर." तिनं अंगठा शाईत दाबला, कागदावर उमटवला आणि पदराला पुसत म्हणाली, "पैल्या दिशी इतकाच लिवला आसता, तं त्याचा पाय ऱ्हायला आसता."

मी कागदांची घडी घातली. त्या चार पानांत तेवढं एक वाक्य नाही. ती बोलली तेव्हा जबाब पूर्ण झालेला होता, आणि पुन्हा उघडून ते लिहिण्याचं धैर्य मला झालं नाही. म्हणून ते इथे लिहिलं आहे, तिच्या शब्दांत, दुरुस्त न करता.